मंजुश्रीनं सोडलेली बोली

मंजुश्री लग्न होऊन आमच्या गावात आली, तेव्हा आठवड्याभरातच सगळ्या गल्लीला तिचा आवाज ओळखू यायला लागला. तिचं माहेर सीमेपलीकडं, उदगीरजवळ. आमचं गाव अलीकडं, कर्नाटकात, ठाणाकुशनूरच्या रस्त्यावरून आत. नवरा बालाजी, त्याचं संतपूरच्या फाट्यावर पंक्चरचं दुकान. घरात तिसरं माणूस म्हणजे सासू, राजूबाई. मंजुश्री ब्लाउज शिवायची. मशीन उजेडासाठी दारातच मांडलेलं असायचं. माप द्यायला आलेली बाई तासभर तरी उठायची नाही, कारण मंजुश्री बोलत राहायची. माहेरची म्हैस, धाकट्या भावाचं भांडण, बसमध्ये भेटलेली एक अनोळखी म्हातारी, असलं काहीही. सांगताना आवाज बदलायची, म्हशीचासुद्धा काढायची. दारापुढून कुणी मुकाट्यानं निघालं तर ओरडायची, "अगं, कामून पळायलीस? बस की जरा."

मी या गावची अंगणवाडी टीचर. माझं नाव ज्योत्स्ना, पण सगळे अक्का म्हणतात. घर तिच्याच गल्लीत, चार घरं सोडून. तिचं पुढं जे झालं त्यात माझा हात आहे, म्हणून मीच सांगते.

मंजुश्रीला मुलगी झाली. घरात पिंकी म्हणायला लागले, तेच नाव राहिलं. बाळंतपणानंतर मी वजन करायला जायची, तेव्हा मंजुश्री मला म्हणाली होती, "अक्का, ही दूध प्याली की नाकातून येतंय बघा."

राजूबाई लगेच म्हणाली, "घाईघाईनं पेती. बापबी असाच व्हता."

मी वहीत वजन लिहिलं आणि उठले.

पिंकी अंगानं चांगली वाढली. चालली वेळेवर. समजायचंही सगळं. बोलायला लागली ती मात्र वेगळंच. बाबाला "मामा" म्हणायची. बालाजी दुकानातून आला की ही "मामा, मामा" करत धावायची आणि गल्ली हसायची. पाण्याला "माणी", दुधाला "नून", भाताला "मान". सगळा आवाज नाकातून. स्वतःचं नाव तर तिला म्हणताच यायचं नाही, काहीतरी "मिंई" असं निघायचं. मंजुश्रीला सगळं कळायचं. दिवसभर ती लेकीशी बोलायची. मशीनवर बसून, भाकरी थापताना, केस विंचरताना. पिंकी काहीबाही उत्तर द्यायची आणि दोघी हसायच्या. तेव्हा त्या घरात कुणालाही काळजी नव्हती.

तीन वर्षांची झाल्यावर पिंकी माझ्याकडं आली. आता मी वीस वर्षं लहान पोरांचं बोलणं ऐकत आलेली बाई. कावळ्याला "तावळा" म्हणणारं पोर सहा महिन्यांनी कावळा म्हणतं. रामला "लाम" म्हणणारं पाचव्या वर्षी राम म्हणतं. ळ आणि ण तर त्याहून उशिरा येतात. अशी शेकडो बघितली होती, म्हणून पिंकीचंही तसंच असेल असं मला वाटलं. पण सहा महिने गेले तरी फरक पडेना. पोरं तिला "गेंगाणी" म्हणायला लागली. एकदा तिनं पाणी मागितलं, कुणाला कळलंच नाही, आणि ती उभ्या जागी रडली.

मग माझ्या लक्षात एक गोष्ट आली. लक्षात आली असं मला वाटलं. माझ्या अंगणवाडीत कन्नड चालतं, गावात मराठी. पिंकीला "पाणी" येत नव्हतं, पण "नीरु" स्वच्छ यायचं. "भात" येत नव्हतं, पण कन्नडमधलं "अन्ना" यायचं. दूध नाही, पण "हालु" यायचं. अम्मा तर अगदी खणखणीत. मी मनाशी ठरवून टाकलं, पोरीचं दोन भाषांत डोकं गोंधळलंय. घरात एक, इथं एक. जी येतेय तीच धरावी.

यामागं माझं स्वतःचंही एक दुखणं होतं. माझे वडील रत्नपाल शेतमजुरी करायचे. आमच्या घरात मराठीशिवाय काही नव्हतं. पहिलीत मास्तर कन्नडमध्ये काय विचारायलेत ते मला कळायचं नाही आणि मी दोन वर्षं हातावर छड्या खाल्ल्या. या पोरीचं तसं नको, असं मला मनापासून वाटलं.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत मी मंजुश्रीच्या दारात गेले. ती बाही जोडत होती.

"मंजुश्री, पिंकीशी घरात मराठी बोलणं बंद कर."

तिनं मशीन थांबवलं. "म्हंजे?"

"दोन भाषांनी गोंधळायलीय ती. कन्नड येतंय तिला चांगलं. तेच बोला सगळेजण. वर्षभरात सुधारंल."

"अक्का, मला कानडी कुठं येतंय? दुकानात दोन शब्द बोलते तेवढंच."

"शिकशील की. लेकीसाठी शिकायचं."

तिनं हातातली बाही बाजूला ठेवली. मग म्हणाली, "पक्कं सुधारंल ना?"

"पक्कं," मी म्हणाले.

मी तिला तीसेक शब्द लिहून दिले, कन्नड शब्द पण मराठी अक्षरात. बा म्हणजे ये. तिन्नु म्हणजे खा. कुंद्रु म्हणजे बस. मलगु म्हणजे झोप. बेडा म्हणजे नको. तिनं तो कागद मशीनच्या वरच्या भिंतीला चिकटवला. पुढच्या महिन्यात टाळेबंदी लागली आणि अंगणवाडी बंद झाली.

कुणी म्हणेल, मग तुमचा संपर्कच राहिला नसेल. तसं नव्हतं. पोरांचा शिधा घरोघर नेऊन द्यायचं काम माझंच होतं. दर महिन्याला मी मंजुश्रीच्या दारात उभी राहायची, तोंडाला मास्क लावून. पिशवी द्यायची, सही घ्यायची, पुढच्या घराला जायची. पिंकी दिसायची कोपऱ्यात. तिच्याही तोंडाला आईनं शिवलेला फुलाफुलांचा मास्क. मी सांगितलेलं मीच विसरून गेले होते. मंजुश्री विसरली नव्हती.

तिनं अक्षर न् अक्षर पाळलं. हे मला नंतर राजूबाईकडून कळलं. ज्या बाईच्या तोंडाला दिवसभर खळ नसायचा, तिच्याकडं लेकीसाठी तीस शब्द उरले. ये, बस, खा, झोप, नको. केस विंचरताना गप्प. भाकरी थापताना गप्प. गोष्ट सांगायला शब्द नाहीत म्हणून गोष्ट बंद, आणि अंगाईही मराठीत म्हणून तीही बंद. बायका माप द्यायला आल्या की मंजुश्री पिंकीला आत पाठवायची, मराठी कानावर पडू नये म्हणून. बायकांशी बोलता बोलता मध्येच थांबून दाराकडं बघायची, पोरगी ऐकायली तर नाही ना.

राजूबाईचं माहेर आळंद तालुक्यातलं, खजुरीचं. तिला कन्नड मराठीइतकंच सोपं. त्यामुळं पोरगी हळूहळू आजीकडं वळली. भूक लागली तर आजी, पडली तर आजी. बालाजीलाही कन्नड यायचं. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून जीभ वळलेली. घरात तिघं आपसात बोलायची आणि मंजुश्री मशीनवर बसून ऐकायची. पोरीचं बोलणं काही सुधारलं नाही. "बेकु", म्हणजे हवं, म्हणायचं तर "मेउ" निघायचं. राजूबाई एकदा म्हणालीसुद्धा, "अगं, कानडीबी तसंच गेंगाणं बोलायलीय की ही." मंजुश्री म्हणाली, "अक्कानं सांगितलंय. वेळ लागंल."

पिंकी पहिलीत गेली त्या वर्षी शाळेत तपासणीची गाडी आली. अंगणवाडीची पोरंही तिथंच न्यायची होती, म्हणून मी हजर होते. डॉक्टर पोरांचे दात बघत होते. पिंकीची पाळी आली. त्यांनी टॉर्च मारली, "आ" करायला लावलं, आणि टॉर्च तशीच धरून ठेवली.

"हिची आई आलीय का?"

मंजुश्री पुढं झाली.

"लहानपणी दूध नाकातून यायचं?"

"व्हय," मंजुश्री म्हणाली.

डॉक्टरांनी तिला जवळ बोलावून दाखवलं. मीही मान वाकवून बघितलं. घशात लोंबणारी पडजीभ एक असते. पिंकीची मधून दुभंगलेली होती, सापाच्या जिभेसारखी. टाळूच्या मधोमध एक निळसर रेघ होती. डॉक्टरांनी समजावलं. वरचं कातडं जुळलेलं आहे म्हणून आजवर कुणाला दिसलं नाही, पण आतलं मांस जन्मापासून जुळलेलंच नाही. प, ब, त, द, क अशी अक्षरं बोलायला हवा तोंडात अडवावी लागते. हिची हवा नाकातून निसटते. म, न, र, ल, ह यांना तेवढी हवा अडवावी लागत नाही, म्हणून ती बरी येतात.

नीरु. अन्ना. हालु. अम्मा. मी मनातल्या मनात ते शब्द पुन्हा म्हणून बघितले. तो कन्नडचा गुण नव्हताच, अक्षरांचा होता. मराठीतही ती मामा, नाना, मऊ हे स्वच्छच म्हणायची. ते मी ऐकलं होतं आणि मोजलं नव्हतं.

मंजुश्रीनं डॉक्टरांना एकच विचारलं. "साहेब, मराठी बोलल्यानं असं होतं का?"

"भाषेचा काय संबंध?" डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पोराला बोलावलं.

मंजुश्रीनं माझ्याकडं बघितलं नाही. पिंकीचा हात धरून ती निघून गेली.

पुढं सगळी धावपळ झाली; भाषेचा विषय कुणी काढला नाही, भिंतीवरचा कागद तसाच राहिला. एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात असं ऑपरेशन मोफत होतं असं कळलं. बालाजीनं दुकान बंद ठेवून चार फेऱ्या मारल्या. पिंकी सात वर्षांची असताना तिची टाळू जोडली. बरी होऊन आली तेव्हा गल्लीला वाटलं, आता पोरगी घडाघडा बोलेल. तसं होत नाही. टाळू जोडली तरी सात वर्षांची सवय जात नाही. जीभ आणि घसा जुन्याच वाटेनं जातात. त्यासाठी बीदरला वाचा-उपचार करणाऱ्या एका मॅडमकडं महिन्यातून दोनदा जायचं ठरलं. पहिल्या खेपेला बालाजीला यायला जमेना. मी म्हणाले, मी येते. मंजुश्रीनं बसची वेळ तेवढी सांगितली.

मॅडम तरुण होत्या, मराठी-कन्नड दोन्ही बोलणाऱ्या. त्यांनी पिंकीच्या नाकाखाली छोटा आरसा धरून तिला "पा" म्हणायला लावलं. आरशावर वाफ धरली. हवा अजून नाकातून जात होती. मग त्यांनी मंजुश्रीला विचारलं, "घरी कुठली भाषा बोलता?"

"कानडी बोलते मी हिच्याशी. जमंल तसं."

"तुमची भाषा तर मराठी वाटते."

"व्हय. मराठी बंद केली होती. तीन वर्षं झाली."

मॅडमनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "बंद केली? कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते.

"कुणीतरी सांगितलं होतं," मंजुश्री म्हणाली.

मॅडम रागावल्या नाहीत, पण त्यांचा आवाज बदलला. म्हणाल्या, "दोन भाषांनी मूल बिघडत नाही. उच्चाराचा दोष भाषेमुळं येत नाही. उलट आईनं तिच्या भाषेत भरपूर बोलावं. टाळूचं चौथ्या वर्षाच्या आत कळलं असतं तर सोपं झालं असतं. आता वेळ लागेल. आजपासून घरी तुमचीच भाषा बोला."

परतीच्या बसमध्ये पिंकी खिडकीशी बसली. संतपूरच्या फाट्यावर बालाजीचं दुकान दिसलं तशी तिनं हात हलवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या घरी गेले. पिंकी शाळेत होती. भिंतीवरचा कागद काढलेला होता, पण गोंदाचे चार डाग राहिले होते. मी म्हणाले, "मंजुश्री, माझं चुकलं."

ती शिवतच राहिली. एक शिवण पूर्ण केली, दोरा दातानं तोडला.

"तुमी वाईट मनानं सांगितलं न्हाई, अक्का. मला ठाव हाय."

"तरी..."

"एक सांगू का? टाळेबंदीत हिला ताप आला होता. दुपारची येळ. घरात आमी दोघीच. अंग असं तापलं होतं, पोरगी नुसती थरथरायली. मला म्हणायचं होतं, भिऊ नको, मी हाय ना. ते कानडीत कसं म्हणत्यात मला येईना. तुमच्या कागदावर ते नव्हतं. मग मी काय म्हणले? बेडा, बेडा. नको, नको. दुसरा शब्दच न्हाई. पोरीला वाटलं, मी रडू नको म्हणून दटवायली. तिनं तोंडावर हात ठेवला आन् आवाज न करता रडली." तिनं सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, दोनदा चुकला. "मराठीत म्हणले असते तर काय झालं असतं? एक डाव म्हणले असते तर? तुमी तर तवा तिथं नव्हता. मग मी कामून न्हाई म्हणले?"

तिसऱ्या खेपेला दोरा ओवला गेला. ती म्हणाली, "जावा आता. मला हे आज द्यायचंय."

त्यानंतर तिनं मराठी पुन्हा सुरू केली. पण पिंकी आता सात वर्षांची होती आणि सगळी कन्नडमध्ये वाढलेली; चिडवतात म्हणून गल्लीतल्या पोरांतही जायची नाही. आई बोलायला लागली की ती बावरून बघायची. मंजुश्रीनं म्हशीची गोष्ट सांगायला घेतली, आवाज काढून, पूर्वीसारखी. पिंकी अर्ध्यातच म्हणाली, "अम्मा, नंग तिळीलिल्ल." म्हणजे तिला कळलं नाही. राजूबाईनं मग ती गोष्ट कन्नडमध्ये करून सांगितली. पिंकी हसली, पण आजीकडं बघून.

उच्चारांचा सराव मात्र मंजुश्रीनं सोडला नाही. अस्तराच्या कापडाची बोटभर पट्टी ती पिंकीच्या तोंडासमोर धरायची. "पा म्हण. पट्टी हलली पायजे." पट्टी हलायची नाही. पिंकी कंटाळायची, पट्टी ओढून फेकायची. तब्बल पाच महिन्यांनी एका सकाळी ती हलली. पिंकी "पा" म्हणाली, मग "पाणी". बालाजी तेवढ्यात दुकानाला निघाला होता. तो उंबऱ्यातच बसला. महिन्याभरात ती "बाबा" म्हणाली. आता बालाजीला कुणी हसत नाही. पण सरावात येणारे उच्चार रोजच्या बोलण्यात घसरतात, दमली की जास्त. आज ती नऊ वर्षांची आहे, चौथीत. ओळखीच्यांना तिचं बोलणं कळतं. अनोळखी माणूस दोनदा विचारतो, आणि दुसऱ्यांदा विचारलं की ती गप्प होते. वर्गात मोठ्यानं वाचायला उभी राहत नाही. मास्तरांनी आता सांगणंही सोडलंय.

मंजुश्रीला मागल्या वर्षी दुसरी मुलगी झाली. ती जन्मली त्या दिवशीच मी टॉर्च घेऊन तिचं तोंड बघितलं. आता गावातलं एकही बाळ मी तसं बघितल्याशिवाय सोडत नाही. टाळू नीट होती. मंजुश्री या धाकटीशी दिवसभर मराठीत बोलते. गल्लीला तिचा आवाज परत ऐकू येतो. बायकांना वाटतं, सगळं मार्गी लागलं.

गेल्या आठवड्यात मी धाकटीचं वजन करायला गेले होते. आत मंजुश्री तिला मांडीवर घेऊन काहीतरी सांगत होती, आवाज काढत होती. पिंकी बाहेर ओट्यावर अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसली होती. पान उलटत नव्हती. तिचे ओठ हलत होते. आई आत जे बोलत होती तेच ती हळू आवाजात म्हणून बघत होती, एकेक शब्द, मागून.

मला बघितल्यावर थांबली. मी तिच्याशेजारी बसले. थोड्या वेळानं तिनं विचारलं, अर्धं मराठी, अर्धं कन्नड, नाकातून पण कळेल असं, "अक्का, मी लहान असताना अम्मा माझ्याशी असं बोलायची का?"

"व्हय," मी म्हणाले. "लई बोलायची. तुला आठवत न्हाई."

"मग बंद कामून केलं?"

नऊ वर्षांच्या पोरीला खोटं सांगता आलं असतं. तिच्या आईनं मॅडमसमोर माझं नाव घेतलं नव्हतं, तसं मलाही काहीतरी म्हणता आलं असतं. पण ती माझ्या तोंडाकडं बघत होती; ऐकण्यापेक्षा ओठ बघून समजून घ्यायची तिला सरावातून सवय लागलीय.

"मी बंद करायला सांगितलं होतं तिला," मी म्हणाले. "माझी चूक झाली."

तिनं पुस्तक मिटलं. रागावली असं दिसलं नाही. मग सावकाश, "प" नीट काढायला थांबून, तिनं विचारलं, "मग पुन्हा बोल म्हणून कामून न्हाई सांगितलं?"

आत धाकटी खिदळली. मंजुश्रीनं विचारलं, "कोण हाय गं भायेर?" पिंकीनं उत्तर दिलं नाही, ती माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी वजनाची वही उघडली, तारीख लिहिली, आणि मला पुढं काही लिहिता आलं नाही.